काजळी

मारियांपोलेच्या बाजारात विकणाऱ्यानं
बॉनेटवर हात ठेवून सांगितलं होतं:
म्हाताऱ्या जर्मन दंतवैद्याची गाडी,
फक्त रविवारी बाहेर निघायची.
आकडा एक लाख अडतीस हजार.
वैदोतासनं ब्रेकच्या पायपट्टीवरचं रबर पाहिलं,
पार गुळगुळीत झालेलं.
"दंतवैद्याचे रविवार फार घाईचे होते,"
तो माझ्या कानाशी म्हणाला,
आणि तरीही आम्ही पैसे मोजले,
कारण मागे तीन मुलांच्या खुर्च्या
एका ओळीत बसत होत्या,
आणि डिझेल कमी खाते म्हणे.

खाते कमी, खरंय.
जेवण थोडं आणि औषधं महाग
असं एक माणूस प्रत्येक घरात असतं.
पहिल्याच हिवाळ्यात, उणे तेवीसला,
टाकीतलं डिझेल तुपासारखं थिजलं.
मग ग्लो प्लग. चारातला एक
काढता काढता आतच तुटला.
मग गिअर टाकताना
जिन्यावरून भांडी घरंगळावीत तसा आवाज.
झिगमासनं किंमत सांगायच्या आधी हात पुसले,
बराच वेळ पुसत राहिला,
तेव्हाच मी ओळखलं.

एक वही केली. युग्नेच्या शाळेतली उरलेली,
चौकटींची. डावीकडे गाडी, उजवीकडे घर.
इंजेक्टर दोन, जुनेच, दुरुस्त केलेले: तीनशे वीस.
युग्नेचे बूट: पुढच्या महिन्यात.
टर्बोची नळी, झिगमासनं उधारीवर बसवलेली.
पुढच्या महिन्यात.
वैदोतास नॉर्वेला गेला, मासळीच्या कारखान्यात,
सहा महिने म्हणून.
त्या पानावर फक्त
विमानतळाचं पार्किंग: चार युरो.

हे तिसरं वर्ष.

आता गाडी बालवाडी, दुकान, शिवणकारखाना
एवढंच फिरते. सगळं मिळून सहा किलोमीटर.
इंजिन तापायच्या आत आम्ही पोचलेलो असतो.
नोव्हेंबरात पिवळा दिवा लागला.
झिगमासनं कॉम्प्युटर जोडला, चष्मा कपाळावर सरकवला.
"गाळणी काजळीनं भरलीय.
सगळा धूर गिळते, पण जाळायला
तिला सवडच मिळत नाही.
नवी घातलीस तर अकराशे.
काहीजण आतून पोकळ करून देतात. मी नाही करत,
माझ्या नातवाला दमा आहे."
मग जरा थांबून,
"हमरस्त्यावर ने. चौथ्या गिअरात,
अडीच हजारांवर काटा, चाळीस मिनिटं.
मध्ये थांबायचं नाही."

गुरुवारी रात्री नऊला तिघांना
पायजम्यातच मागे बांधलं.
रिएतावास मागे पडलं, मग पाइनचं रान,
मग नुसतं धुकं आणि ट्रकांचे लाल दिवे.
डोविदासनं विचारलं, बाबांकडे चाललोय का?
नाही. काजळी जाळायला.
त्याला ते पुरलं.
अकराव्या मिनिटाला पंखा गरजू लागला,
तापल्या लोखंडाचा वास आला,
गाडी थरथरत, जड होत, जोर लावत राहिली.
स्मिल्ते झोपली. युग्ने झोपल्यासारखी.
त्या आवाजाखाली मी बोलत होते,
कोणाशी ते नीट सांगता येणार नाही,
भाड्याबद्दल, आणि फोनवर हल्ली त्याच्या मागे
ऐकू येणाऱ्या त्या हसण्याबद्दल.
क्लाइपेदाच्या अलीकडे दिवा विझला.
वळायचा फाटा आला, मी वळले नाही.
बंदरात फेरीचं तोंड उघडं होतं,
एकेक गाडी आत जात होती.
इंजिन चालू ठेवून आम्ही बघत बसलो.

वहीत लिहिलं: डिझेल, अकरा युरो.
कुठल्या बाजूला, ते ठरेना,
मधल्या रेघेवरच लिहिलं.

पुढच्या गुरुवारी दिवा लागला नव्हता.
नऊ वाजता डोविदास
पायजम्यावर बूट घालून
दाराशी उभा.