खांब आणि फरशी यांच्यामधली फट

किताब नावाच्या गावात
माझी मावशी सनोबर तेहतीस वर्षं रात्रपाळीला होती.
काम एकच : माथ्यावरून जाणारे तारे दुर्बिणीतून पाहायचे,
जोडीजोडीनं, एक उत्तरेचा, एक दक्षिणेचा,
आणि मांडून ठेवायचं
की आपण काल होतो तिथंच आज आहोत का.

दुर्बीण दगडी खांबावर. खांबाचा पाया निराळा,
दोन पुरुष खोल,
फरशीला तो कुठंही टेकत नाही.
चारी बाजूंनी चार बोटं फट,
माणसांच्या पावलांचा हादरा त्याला लागू नये म्हणून.
सहा वर्षांची असताना मी त्या फटीत
जर्दाळूची बी टाकली.
मावशी ओरडली नाही.
डोळा न काढता वहीत लिहिलं :
एक वाजून चाळीस. बी.

आमच्या भाषेत ध्रुवताऱ्याला लोखंडी खुंटी म्हणतात.
तिला दोन घोडे बांधलेले आहेत,
रात्रभर तिच्याभोवती फिरतात, दावं काही तुटत नाही.
हिशेबनीस हमरोकुल ही गोष्ट ऐकून
बोळक्या तोंडानं हसायचा :
घोडे शहाणे आहेत, पोरी.
खुंटीखालची जमीनच हिंडते,
ह्या अंगणाएवढ्या जागेत, वेडीवाकडी गोल गोल.
हे बघ, तुझ्या मावशीचे आकडे.

मी पाहिले. किड्यामुंग्यांसारखे आकडे,
त्यातून काढलेली एक पेन्सिलची रेघ,
कुणी झोपेत चालावं तशी.
आणि हे सगळं शोधायला
एक न हलणारा खांब लागला होता!
मला तेव्हा त्याचा राग आला.
खळ्यात तिवडा असतो म्हणून बैलांना फिरणं जमतं;
इथं तिवडाच भटक्या निघालेला,
आणि धान्य तरीही मळून निघत होतं.

चुलतभाऊ शोदमोन रेकॉर्डर घेऊन डोंगरात गेला,
मूळ बोली शोधायला.
प्रत्येक गाव म्हणालं, आमचं काय, भेसळ;
अस्सल बोलतात ते पलीकडच्या खोऱ्यात.
शेवटच्या गावातल्या म्हातारीनं
पहिल्या गावाकडं बोट केलं.
तो परतला तेव्हा बुटांचे तळ गेले होते
आणि एकशे चार तासांचं बोलणं जमलं होतं.

मी समरकंदला सशाच्या हृदयावर काम करते.
कोमट खारट पाण्यात ते बराच वेळ धडधडत राहतं.
ठोका जिथून निघतो ती जागा शोधायची होती.
सापडली. गार केलं, ती सरकली.
औषधाचा थेंब टाकला, आणखी सरकली.
एकही पेशी राज्य करत नाही,
कधी ही पुढं होते, कधी ती.
अहवालात मी ‘केंद्र’ लिहिलं. खोडलं.
‘सध्याचं केंद्र’ लिहिलं.
आमच्या सरांनी ‘सध्याचं’ खोडलं.

ह्या हिवाळ्यात मावशीला चक्कर सुरू झाली.
कानातलं काहीतरी सुटलंय म्हणतात.
पहिल्या रात्री तिनं विचारलं, भूकंप का?
नाही म्हटल्यावर तिला खूप अपमान वाटला.
डॉक्टर म्हणाले, एका जागी नजर लावा.
मी भिंतीवरचा खिळा दाखवला.
छे, ती म्हणाली, ती भिंत फरशीला टेकलीय.
तुझं बोट धर.

मी धरलं. श्वास रोखून, कोपर गुडघ्यावर टेकवून.
तिनं बराच वेळ पाहिलं,
तिच्या त्या सवयीच्या डोळ्यानं,
दुसरा मिटून.

हलतंय, ती म्हणाली.
नाडीबरोबर. मिनिटाला अठ्ठ्याऐंशी.
मी हात मागं घेऊ लागले.

राहू दे ना.
हलतंय ते कळतंय मला, तेवढं वजा करता येतं.