हलू नका

दिवसभर मी हडपसरला
पांढऱ्या पडद्यासमोर माणसं बसवतो.
हनुवटी खाली. कान दिसू द्या. हसू नका.
पस्तीस बाय पंचेचाळीस मिलिमीटर,
आठ प्रती, दहा मिनिटांत.

म्हणून डिसेंबरात पहाटे
कानटोपी घालून मांजरीच्या फाटकाशी जातो,
जिथे कुणालाच चेहरा नसतो.

मालगाडी चाळीस सेकंदांत निघून जाते.
अठ्ठावन्न वाघिणी, मी मोजल्यात.
फोटोत बहुतेक वेळा शेपूट येतं,
धुकं येतं
आणि माझाच काकडलेला हात.

पण आज ती उभी होती.
लूप लाइनीवर, सिग्नल लाल,
इंजिनाचं पोट नुसतं घुमत,
मुळा-मुठेवरचं धुकं चाकांच्या कमरेपर्यंत,
पलीकडे गुलाबांच्या पॉलिहाऊसचा कागद
दवानं जड होऊन लोंबलेला.

रात्री रूळ तुटला म्हणे.
थंडीनं लोखंड आकसतं,
दोन्हीकडून स्वतःला ओढून घेतं
आणि जोडाच्या जागी,
जिथे कधीतरी वितळवून एक केलेलं,
तिथे तटकन.

सापडला तो रावसाहेबाला.
आडनाव शिंगटे, हुद्दा कीमन,
खांद्यावर हातोडा, पाना,
मफलरीत गुंडाळलेला खोकला.
चार वाजता बॅटरीच्या उजेडात बोटभर फट दिसली
तसा पळत सुटला
रुळावर फटाके बांधायला.
"दिवाळीनंतर आजच," म्हणाला.

अशी गाडी आयुष्यात कितीदा मिळते,
समोर बसलेली!
मी एकेक वाघीण घेतली.
द.पू.म., पू.त., कुठकुठल्या मुलखाची अक्षरं,
रिकामं वजन, भरलं वजन,
"वापसी"पुढे गेल्या वर्षाचा महिना.
एकीवर खडूनं : शबाना.
ते पुसून त्यावरच : चार पोती कमी.
एका कडीला तारेनं बांधलेलं शिशाचं सील,
त्याच्या टोकाला दवाचा थेंब.
त्या थेंबाला बारा फ्रेम दिल्या.

शेजारच्या लाइनीवर आणखी एक अडकलेली.
जुने प्रवासी डबे, खिडक्या पत्र्यानं बुजवलेल्या,
आत चाकणच्या कोऱ्या मोटारी.
रंगाखाली खिडकीची चौकट अजून कळते.
तिथे कुणी कपाळ टेकून बसत असणार.
मी फोकस कपाळाच्या उंचीवर ठेवला.

शेवटी गार्डाचा डबा.
बिराजदार, वाडीचे, बारा तास झालेले.
"आता आम्हाला ट्रेन मॅनेजर म्हणायचं.
थंडी तेवढी जुन्याच नावानं वाजते."
मी थर्मासचं झाकण भरून चहा दिला.

मग चालत पुढे, तुटलेल्या जागेपाशी.
कॅमेरा वळवला तसा रावसाहेबानं हात आडवा घातला :
"तुटलेल्याचा नको.
जोडल्यावर काढा."

थांबलो.
पट्ट्या आल्या, क्लॅम्प आले,
सहा माणसं, एक पहार, भरपूर शिव्या.
साडेनऊला जोडून झाला.
तेव्हा त्यात बघण्यासारखं
काहीच उरलं नव्हतं.
काढला.

सिग्नल पिवळा.
धक्का इंजिनापासून निघाला,
वाघिणीवाघिणीतून खडखडत माझ्यापर्यंत आला
आणि सवयीनं, मोठ्यानं, मी म्हणालो,
"हलू नका."
रावसाहेब हसला. खोकला. पुन्हा हसला.

शेवटच्या डब्यातून बिराजदारांनी हात केला.
हातात माझं झाकण.
ओरडायला तोंड उघडलं,
मग तसंच ठेवलं.

दुकान उशिरा उघडलं.
पायरीवर एक पोरगी, व्हिसासाठी आलेली,
थंडीनं नाक लाल.
"ते घालवता येईल का फोटोतून?"
येतं. नाही घालवलं.

झाकण वाडीला पोचलं असेल,
किंवा त्याच्याही पुढे.