तारेवरचं एक

मोबाइलवर घराचा नकाशा उघडतो:
तीन डब्या, त्यांना लोंबणारे आम्ही सगळे.
वैजूचा फोन, दोन रेघा. माझ्या चार.
जिन्यातल्या डबीखाली
एक बिननावाचं, तारेवरचं.
त्याला रेघाच नाहीत.
लांब की जवळ, कळायला मार्ग नाही.

निळी तार धरत गेलो.
कपाटामागून, मीटरखालून
वाटणीच्या भिंतीतल्या भोकात शिरली.
पलीकडे श्रीरंगदादा.
नऊ वर्षं बोलणं नाही.
ग्वाल्हेर केवढंसं, दौलतगंजात समोर आलाच
तर मी गजकाचे भाव वाचतो.

रोज रात्री साडेअकराला ते हिरवं होतं.
'ब्लॉक करा'वर एकदा बोट नेलं,
लागलं 'नाव बदला'ला.
'दा' लिहून थांबलो.

काल दिवसभर राखाडी.
साडेअकरा. बारा.
झोपा आता, वैजू म्हणाली.
कपाट सरकवून
तार जरा दाबून पाहिली.
नसेल बसली नीट.