सातवा खांब

रोज दुपारी बाराला, धक्क्यावर उभं राहून,
मी आमच्या घराखालच्या सातव्या खांबाचा फोटो काढतो.
कास्त्रोतली आमची गल्ली पाण्यात पाय सोडून बसलीय,
तिचा हा एक पाय. देखणा म्हणावा असा नाही.
वडिलांनी रोवलेला, कमरेपर्यंत शिंपल्यांनी खाल्लेला,
वर एक गंजका खिळा,
कशासाठी मारला होता, सांगायला आता कुणी उरलं नाही.

सुरुवात ओरियानामुळे झाली, दवाखान्यातल्या नर्समुळे.
म्हणाली, दारू सोडणं हे काही काम नव्हे,
ते एक काम न करणं झालं. हाताला काहीतरी द्या.
काय देऊ?
काहीही. पण रोज.

यास्नाचा जुना कॅमेरा पडून होता.
पहिल्या महिन्याचे सगळे फोटो हललेले आहेत.
खांब हलत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे.
कुणी बोललं नाही.

बारा तेच, पाणी वेगळं.
कधी खिळ्याला टेकलेलं,
कधी पार ओसरून चिखल, त्यात बगळे, आणि एक बूट.
तो बूट नऊ दिवस फोटोत चालत होता,
दहाव्या दिवशी कुठं पोचला कोण जाणे.

एक दिवस नाही. तिसऱ्या वर्षीचा सतरा मार्च.
लोकांना वाटतं, त्या दिवशी प्यालो असेन.
बहिणीकडे बटाटे काढत होतो, वाकलो तो वाकलोच,
पाठ सरळ केली तेव्हा अंधार पडला होता.
यास्ना म्हणाली, सोळाचाच पुन्हा चिकटवा, बाबा,
खांब तर तोच.
वहीत ती जागा कोरी आहे.
चुलीच्या धुरानं जरा पिवळी, पण कोरी.

मग ऑक्टोबरात एडेल्मिरा आली.
दारात बूट काढले, ओट्यावर बटाट्याच्या पोळ्या ठेवल्या,
म्हणाली, तुमच्या वह्या बघायच्यात.
प्रत्येक फोटोच्या डाव्या कोपऱ्यात
त्यांचा जिना येतो, आणि जिन्याला बांधलेली
लिसांद्रोची लाल होडी.
ऑगस्टपासून नुसता जिना येतो.

ती पानांवरून बोट फिरवत गेली:
होती. होती. होती. नव्हती. होती.
मध्येच म्हणाली, समुद्रानं आम्हाला कायम पाण्यातच पाहिलं.
मी चुलीत लाकूड सारलं.
तो सगळ्यांनाच तसं पाहतो, हे तोंडावर आलं होतं.

होती. होती. आणि बोट थांबलं.
ही गाठ माझी आहे.
कुठली?
ही. तो अशी बांधायचा नाही. ताप होता त्याला,
तरी निघाला होता. मी होडी बांधली, रागानं,
बघा, चार फेरे. चार फेरे कोण देतं?
आणि हसली. नंतर खूप वेळ काही नाही.
वर खिडकीत वाळत घातलेलं एक पांढरं फडकं दिसतं,
कपाळावरच्या पट्टीचं असेल.
अकरा मे. मी त्या दिवशी खांब काढला होता,
खांबाशिवाय मला काही दिसलं नव्हतं.

फोटो मी सोडवून दिला. वहीत आता दोन जागा कोऱ्या.

जाताना, एका पायात बूट असताना, म्हणाली,
कॅमेरा जरासा डावीकडे घेत चला की.
जिना जेमतेम अर्धा येतो.
मी म्हणालो, नाही जमायचं. फोटो खांबाचा आहे.
आठ वर्षांचं काम आहे, बाई.
बरोबर आहे, म्हणाली, आणि दुसरा बूट चढवला.

बाराला ती कधी कधी जिन्यावर दिसते,
बादली धुते, मासळीचं पाणी ओतते,
वर बघत नाही.
नगरपालिका म्हणते, पुढच्या उन्हाळ्यात
सगळे खांब सिमेंटचे करणार. करोत.
मी सातवर खडूनं खूण करून ठेवलीय,
भरती ती रोज पुसते.

आणि खोटं कशाला बोलू,
गेल्या गुरुवारपासून खांब
चौकटीत थोडा उजवीकडे सरकलाय.