नाळे बा

खानापुरात, कौलांच्या बंद कारखान्यात,
जिथं पूर्वी माल मोजत त्या खोलीत
सहा खाटा आहेत.
सातवी आम्ही भरमाण्णा गवंड्याच्या बाकड्याची केली,
कारण जांबोटीचा पोरगा जमिनीवर झोपला
की साप साप म्हणून ओरडायचा.
साप नव्हते. तिसरी रात्र होती.

अनुदानाचा अर्ज कन्नडमध्ये भरायचा असतो.
ते काम माझं.
आईनं मराठी दिली, शाळेनं कन्नड,
दारू मला दोन्ही भाषांत चढली.
रकाना चौदा: लाभार्थी किती.
मी चाळीस लिहितो.
त्यातला एक मी,
हे लिहायला रकाना नाही.

बेळगावच्या ऑफिसात फाईल पंख्याखाली फडफडते.
एक सही बेंगळूरूला राहिलेली असते.
साहेब वाईट नाहीत, चहा सांगतात,
मग म्हणतात, नाळे बन्नी.
उद्या या.
उद्या गेलो तर साहेबांची बदली.

गडहिंग्लजला न्या, तिकडं फुकट होतं, कुणी म्हणालं,
म्हणून शेवंताक्का नवऱ्याला धरून
दोन बस बदलत गेली.
खिडकीतल्या माणसानं आधार कार्ड पाहिलं.
पत्ता कर्नाटक.
हात थरथरतोय तो कुठल्या राज्यात,
हे तिला विचारायचं सुचलं नाही.
येताना संकेश्वरच्या स्टँडामागं
तिनंच त्याला थोडी पाजली.
नाहीतर बसमध्ये फिट आली असती.
हे तिनं मला सांगितलं, सिस्टरला नाही.

चोर्ल्याच्या घाटातून रात्री गोव्याचा माल उतरतो,
त्याला अर्ज लागत नाही.
आणि नाक्यावरच्या दुकानात
सरकारी परवाना काचेत मढवून टांगलाय, उदबत्तीसकट.
बाटलीमागचा कर रोज तिजोरीत जातो.
त्याला कधी कुणी म्हटलं नाही,
उद्या ये.

मी तिसरीत असताना आमच्या गल्लीत
भूत फिरतंय अशी आवई उठली.
लोकांनी दारादारावर खडूनं लिहिलं: नाळे बा.
भूत यायचं, वाचायचं, मागं फिरायचं,
दुसऱ्या रात्री परत तेच.
शिकलेलं भूत, बिचारं.
आता त्याचे हेलपाटे मला कळतात.

सोमवारी तिन्हीसांजेला
जांबोटीचा पोरगा बाकड्यावर उभा राहून
भिंतीवर कोळशानं काहीतरी लिहीत होता.
निंगव्वा सिस्टर भडकली, चुना नुकताच मारलेला.
मी वाचलं.
मराठी अक्षरं, शब्द कन्नड.
साहेबांसाठी नव्हतं ते.
रोज या वेळी घसा जे मागतो
त्याच्यासाठी होतं.
उद्या ये बाबा. आज नको.

सिस्टरनं पुन्हा चुना मारला नाही.

आज सकाळच्या बसमध्ये
फाईल मांडीवर घेऊन बसलोय.
गोळ्या शनिवारपर्यंत पुरतील.
शनिवार परवाच आहे.