चतुःसीमा

गाव कुरळहट्टी. आम्ही म्हणतो कुरळट्टी.
कन्नड पाटीवर एक अक्षर जास्त,
टपालाच्या शिक्क्यात एक कमी.
पत्रं मात्र पोचतात.

पूर्वेस नाला. नाल्यापलीकडे काळी माती
एका पावलात सुरू होते, खरंच एका पावलात:
डावी चप्पल तांबडी, उजवी काळी.
पश्चिमेस रताळ्यांचे वाफे, काजू,
मग चढ. माळावर पोचलं
की मोबाइल म्हणतो, महाराष्ट्रात आपले स्वागत आहे.
चार पावलं उतरलं की कर्नाटकात.
शेळ्या राखणारा सिदराय
दिवसातून दहादा स्वागत करून घेतो, फुकट.

दक्षिणेस तळं. बहात्तरच्या दुष्काळात खणलेलं.
खणणाऱ्या बायकांची हजेरी मी पाहिली आहे,
नावांपुढे अंगठे, एक अंगठा फार लहान.

एकोणतीस वर्षं मी इथल्या मराठी शाळेत
भूगोल शिकवला, इतिहासाचा तासही माझाच.
चौथीला पहिला धडा, आपले गाव.
पुस्तकात गाव होतं, पण दुसऱ्याच कुणाचं,
म्हणून वही घेऊन निघाले विचारत.

प्लेगाच्या साली गाव माळावर झोपड्यांत राहिलं,
परतलं तेव्हा तीन चुली पेटल्या नाहीत.
एवढं सगळ्यांना ठाऊक.
खरेदीखतांच्या कपाळावर आधी मुंबई,
मग म्हैसूर, मग कर्नाटक.
खाली तीच विहीर, तोच आंबा,
आंब्याच्या फळातला तोच चौथा हिस्सा.
बाकी विचार लुमाण्णाला, म्हणाले.

लुमाण्णा नाकाडी, पलटणीतला, तेव्हा पासष्टीचा.
मी म्हटलं, कुरळट्टीचा इतिहास सांगा.
त्यानं जर्मनीतल्या एका गावाचा सांगितला.

वाळवंटात धरलं त्याला. आगबोटीतून इटली,
तिथून बंद डब्यातून आणखी वर.
कैदी म्हणून शेतावर पाठवलं.
चाळीसेक घरं. ओढा, ओढ्यावर चक्की.
एकाच छपराखाली गाई आणि माणसं.
देवळाची घंटा लढाईसाठी उतरवून नेलेली,
दोर तेवढा लोंबत होता,
पोरं त्याला झोके घेत.
गावाचं नाव तो घशातून काढायचा,
तीनदा सांगितलं, तीन तऱ्हेनं.
शाळेच्या नकाशात भिंग लावून शोधलं मी,
नाही मिळालं.

घरमालकीण म्हातारी, दात दोन.
एके दुपारी बटाटे काढता काढता
तिनं काठीनं मातीत रेघ मारली.
अलीकडे बोट केलं, एक राजा. पलीकडे, दुसरा.
मग पायानं रेघ पुसली,
मग जरा सरकून पुन्हा मारली,
आणि हसली का रडली
ते त्याला त्या दातांमुळे समजलं नाही.

"भाषा न्हाई कळली बाई. रेघ कळली," म्हणाला.
मग चिलीम झाडत,
"तवा न्हाई. छप्पन्नाला."

वहीत मी यातलं काय लिहू?
शिक्षण खात्याला पाठवलेल्या माहितीत
लिहिलं, लोकसंख्या, पिके, देवालये दोन.

तो जाऊन आता वीस वर्षं झाली.
शाळेत पोरं अकरा उरलीत,
त्यातली चार घरी कन्नड बोलतात
आणि पाढे मराठीत, चुका दोन्हींत.

परवा तुळव्वाच्या रानात बटाट्याची लावण होती.
ती काठी टेकवत चालली होती,
दर टेकणीला एक डोळा मातीत.
काठीवर एक खाच.
विचारलं, हे अंतर कुणी ठरवलं गं?
"आमचंच की. पयल्यापास्नं असंच," म्हणाली.
काठी मी हातात घेतली. वीत लावून बघितली,
दीड वीत, वर दोन बोटं.
इथल्या कुठल्याच मापात बसेना.

उत्तरेस, खतात लिहिलंय,
लुमाण्णा नाकाडी यांचे शेत.
त्यापलीकडचं लिहिलेलं नाही.