बोपदेवचा हिशेब

भोसरीच्या टूलरूममधून सहाला सुटते
आणि घरी जात नाही.
कुदळवाडीत, पत्र्यांच्या गल्लीत, सादिक मणेरच्या शेडमध्ये
अण्णांची पिकअप लोखंडी घोड्यांवर उभी आहे,
तोंड उघडून,
दाताच्या डॉक्टरकडे बसल्यासारखी.

दिवसभर मी दुसऱ्यांची इंजिनं मोजते.
आज हिचं.
बोअर गेज आत सोडला, काटा सरकला:
अकरा शतांश झीज. पुढे बारा.
तिसऱ्या सिलिंडरला एकोणीस.
सादिक म्हणाला, तिसरा नेहमीच जास्त सोसतो.
आम्हा भावंडांत मी तिसरी. बोलले नाही.

कॅलेंडरचं एप्रिलचं पान उलटं करून लिहायला घेतलं.
बोअरिंग, होनिंग. अर्धा मिलिमीटर ओव्हरसाइज पिस्टन,
त्यांची डोकी जरा खोल करून,
कारण टर्बो बसवायचा तर कॉम्प्रेशन
एकवीसवरून अठरावर उतरवायला हवं.
टर्बो भंगारातला चालेल, शाफ्ट डुगडुगता नको.
हेडची पोर्टं मी स्वतः घासेन, रविवारी,
सुट्टीचं काय करायचं हा प्रश्न तसाही असतो.
क्रँक बॅलन्सिंगला. ऑइल कूलर. तांब्याची गॅस्केट.
पंप नाना पेठेत ओसवालांकडे:
ते डिझेल थेंबाने मोजतात
आणि बिल बादलीने.

कागदावर अडुसष्ट घोडे.
मला एकशे दहा हवेत.

कशाला, असं कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर
मला पहाटेचे साडेतीन सांगावे लागले असते,
भुशात गुंडाळलेल्या बर्फाच्या लाद्या,
वर ओलं गोणपाट,
आणि सासवडला वाट बघणारे आइस्क्रीमवाले, मांडववाले.
कोंढव्यापर्यंत ठीक. मग बोपदेव.
पहिला गिअर, काळा धूर,
आणि मागून टपटप, टपटप,
आमचाच नफा आमच्यामागे रस्ता भिजवत यायचा.
मी नऊ वर्षांची. मांडीवर बाभळीचा ठोकळा.
गाडी दमली की उडी टाकायची
आणि तो मागच्या चाकाखाली सारायचा,
हँडब्रेक तेव्हाही नावालाच होता.
अण्णा आरशात बघायचे नाहीत.
लाकडावर रबर बसल्याचा आवाज आला
की ब्रेकवरचा पाय काढायचे.

वर पोचेस्तोवर लादीमागे चार किलो गेलेले.
व्यापारी काट्याकडे बघायचा,
अण्णा चपलांकडे.

त्या चार किलोंसाठी मला बेचाळीस घोडे हवेत.
बर्फ आता कुणी असा नेत नाही, माहीत आहे मला.

काल अण्णांना रिक्षाने शेडवर आणलं.
पान डोळ्यांजवळ धरून वाचलं, ओठ हलवत.
टर्बोपाशी थांबले,
शब्द एकदा तोंडात घोळवून बघितला, पुढे गेले.
पान खालपर्यंत संपलं तेव्हा म्हणाले,
"सगळा चढच लिहिलायस की.
घाटाला दुसरी बाजू असते, बाई."
पेन मागितलं. सादिकने सवयीने पाना पुढे केला,
मग पेन.
यादीच्या वर जागा नव्हती,
तरी अंग चोरून बसवला त्यांनी एक शब्द: ब्रेक.
खाली दोन रेघा.

पुढे डिस्क, मागे नवे ड्रम, बूस्टर, सगळ्या नळ्या.
सादिकने हवेत बोट फिरवून बेरीज केली.
टर्बो दिवाळीवर गेला.
कोणती दिवाळी, ते त्याने सांगितलं नाही.

मी सीटखाली जॅक शोधत होते,
तर हाताला ठोकळा लागला. कडक, ग्रीस प्यायलेला,
एक कड चाकांनी खाल्लेली.
व्हर्नियर लावला. एकाहत्तर मिलिमीटर.
पानाच्या कोपऱ्यात टिपून ठेवलं.
पण झीज काढायला मूळ माप लागतं,
ते विचारायला वळले, तर अण्णा
एक हात मडगार्डवर टेकवून, वाकून,
हँडब्रेकची केबल ओढून बघत होते.